‘कॉर्नवालिस’ नांवाचीं जहाजें : नामसाम्याची एक परीक्षा

आमच्या इतिहासाच्या अभ्यासकांस नामसाम्याची अडचण नवी नाहीं. पेशव्यांत बाजीराव दोन झाले, माधवराव दोन झाले. कुलाब्याच्या आंगऱ्यांत मानाजी दोन आणि रघूजी दोन झाले. ‘रघूजी आंगरे’ एवढ्याच नांवाचा, तारीख फाटून गेलेला एखादा कागद रुमालांतून निघाला, तर तो १७९३ सालीं वारलेल्या रघूजीचा कीं १८१७ नंतर अधिकारावर आलेल्या रघूजीचा, हें ठरविल्यावांचून कोणीही जाणता संशोधक त्याचा उपयोग करणार नाहीं. तो शिक्का पाहील, अक्षर पाहील, कागदाची जात पाहील, पत्रांत आलेल्या इतर असामी पाहील. बाजीरावांच्या बाबतींत तर ‘बल्लाळ’ आणि ‘रघुनाथ’ या पितृनामांनींच निवाडा होतो. परंतु हाच सावध संशोधक इंग्रजी आरमाराच्या कागदांत शिरला आणि तेथें एखाद्या जहाजाचें नांव त्यास भेटलें, म्हणजे त्याची सावधगिरी कोठें जाते कोण जाणे! नांव ओळखीचें दिसलें कीं जहाज ओळखलें, असें तो समजतो. जहाजाला पितृनाम नसतें, हें त्याच्या ध्यानांत राहत नाहीं.

या घोटाळ्याचें स्वरूप एका उदाहरणानें उघड करावें, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. उदाहरण आम्ही ‘कॉर्नवालिस’ या नांवाचें घेतों. ‘मुंबईच्या गोदींत जमशेटजी बमनजी वाडिया यांनीं सागाच्या लांकडाचें बांधलेलें आणि ब्रिटिश राजाच्या आरमारांत दाखल झालेलें कॉर्नवालिस जहाज’, असें वर्णन कोणीं केलें, तर त्यांत स्थळ आहे, कारागीर आहे, लांकूड आहे, धनी आहे आणि नांवही आहे. पांच खुणा पटल्यावर ओळख पुरी झाली असें कोणासही वाटेल. तरी ती पुरी होत नाहीं. कारण या पांचही खुणा दोन निरनिराळ्या जहाजांस सारख्याच लागू पडतात. त्यांत १९०१ चें तिसरें व १९२१ चें चौथें मिळविलें, म्हणजे गुंता केवढा होतो हें दिसेल. अठराव्या शतकांतहि इंग्रजी आरमारांत या नांवाचीं किरकोळ तारवें होऊन गेलीं. त्यांचा मुंबईशीं संबंध नसल्यामुळें तीं येथें सोडून देतों.

( १ )

पहिलें जहाज मुळांत राजाचें नव्हेच. तें ईस्ट इंडिया कंपनीचें. जमशेटजींनीं तें १८००-०१ या काळांत कंपनीसाठीं बांधलें आणि त्याचें नांव ‘मार्क्विस कॉर्नवालिस’ असें ठेवण्यांत आलें. हे मार्क्विस म्हणजे १७८६ पासून १७९३ पर्यंत गव्हर्नर जनरल असलेले चार्ल्स कॉर्नवालिस. १७९२ सालीं श्रीरंगपट्टणच्या वेढ्यांत हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा ज्यांच्या जोडीला होत्या, तेच हे. त्यामुळें आमच्या वाचकांस त्यांची निराळी ओळख करून देण्याचें कारण नाहीं. येथें पहिली सूचना अशी कीं, ‘मार्क्विस कॉर्नवालिस’ या पुऱ्या नांवाचें दुसरेंही एक व्यापारी जहाज त्या काळीं होतें. १७९६ सालीं आयर्लंडांतील कैदी घेऊन न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यास लागलें तें हें दुसरें. मुंबईचें जहाज तेव्हां बांधलेलेंही नव्हतें. केवळ सन पाहिला तरी हा घोटाळा टळतो. पण सन पाहिला पाहिजे.

मार्च १८०५ मध्यें पूर्वेकडील समुद्रांतील ब्रिटिश आरमाराचे सेनापति सर एडवर्ड पेल्यू यांनीं मुंबईचें हें जहाज कंपनीकडून विकत घेतलें. ‘मार्क्विस’ ही पदवी गळाली, मागें नुसतें ‘कॉर्नवालिस’ राहिलें, आणि कंपनीचें जहाज राजाचें झालें. राजाच्या चाकरींत त्याची गणना ५४ तोफांच्या वर्गांत झाली. या काळांत तें ऑस्ट्रेलियाकडे व दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत जाऊन आलें. १८०७ च्या डिसेंबरांत त्याचे कप्तान चार्ल्स जेम्स जॉन्स्टन यांस पॅसिफिक महासागरांत एक निर्जन प्रवाळबेट दिसलें. तें आजही नकाशांत जॉन्स्टन याच नांवानें दाखविलेलें असतें. मुंबईच्या सुताराच्या हातचें लांकूड कोठवर पोहोंचलें होतें याची ही एक निशाणी होय.

आतां खरी गंमत पुढें आहे. १८१० च्या अखेरीस इंग्रजांनीं फ्रेंचांकडून मॉरिशस घेतलें. त्या मोहिमेंतील जहाजांत ‘कॉर्नवालिस’ आहे. १८११ च्या ऑगस्टांत त्यांनीं जावा बेटावर स्वारी केली. त्या मोहिमेंतील जहाजांत ‘कॉर्नवालिस’ नाहीं, ‘अकबर’ आहे. दोन याद्या शेजारीं ठेवून वाचणारा माणूस सहजच म्हणेल कीं, एक जहाज गेलें आणि दुसरें आलें. वस्तुतः जहाज एकच आहे. फेब्रुवारी १८११ मध्यें त्याचें नांव बदलून ‘अकबर’ असें करण्यांत आलें होतें. मॉरिशसची मोहीम एका नांवानें आणि जावाची दुसऱ्या नांवानें, तीही एका वर्षाच्या आंत, हें ज्यास ठाऊक नाहीं तो एका जहाजाचीं दोन करील.

या अकबराची पुढील हकीकत थोडक्यांत अशी : तें कांहीं काळ वेस्ट इंडीजकडे होतें, १८१६ च्या डिसेंबरांत पोर्टस्मथ येथें बांधून ठेवण्यांत आलें, मग रोगप्रतिबंधाचें तारूं वगैरे बैठ्या कामांवर त्यानें कित्येक वर्षें काढलीं, आणि १८६० नंतरच्या दशकांत तें विकलें गेलें. त्याच सुमारास, १८६२ सालीं, ‘वेलिंग्टन’ नांवाच्या तिसऱ्याच जहाजास लिव्हरपूल येथें मुलांच्या सुधारशाळेचें काम देऊन ‘अकबर’ हें नांव देण्यांत आलें. म्हणजे मुंबईच्या जहाजाचें टाकलेलें नांव नव्हे, तर घेतलेलें नांवही दुसऱ्यानें उचललें. १८६२ नंतरच्या कागदांत लिव्हरपूलचें ‘अकबर’ आढळलें, तर तेथें जमशेटजींचें सागवान शोधूं नये.

( २ )

१८११ सालीं ‘कॉर्नवालिस’ हें नांव याप्रमाणें मोकळें झालें. दोनच वर्षांनीं, १२ मे १८१३ रोजीं, त्याच मुंबईंत, त्याच जमशेटजींनीं बांधलेलें दुसरें ‘कॉर्नवालिस’ पाण्यांत उतरलें. हें प्रथमपासूनच राजाच्या आरमारासाठीं बांधलेलें, ७४ तोफांचें, रांगेंत उभें राहून लढणाऱ्या मोठ्या जहाजांपैकीं होतें. पहिल्याहून तें मोठें, वर्ग निराळा, धनी आरंभापासून निराळा. दोहोंत समान काय तें नांव, गोदी, कारागीर आणि साग.

या जहाजाच्या बांधणींत एक विघ्न आलें. लांकडी जहाजाच्या बुडास किडा लागूं नये म्हणून तांब्याचे पत्रे मारीत असत. या नव्या जहाजासाठीं लागणारें तांबें विलायतेहून ‘जावा’ नांवाच्या जहाजावर चढविलें होतें. तें ‘जावा’ ब्राझीलच्या किनाऱ्याबाहेर २९ डिसेंबर १८१२ रोजीं अमेरिकनांच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’नें लढून घेतलें, आणि तांबें मुंबईस पोहोंचलें नाहीं. हिंदुस्थानांत नेमणूक होऊन निघालेले लेफ्टनंट जनरल हिस्लॉप याच जहाजावर असून तेही अमेरिकनांच्या हातीं सांपडले व पुढें सुटले. २१ डिसेंबर १८१७ रोजीं महिदपूर येथें होळकरांच्या फौजेवर चाल करून आलेले हिस्लॉप ते हेच. आणि ‘जावा’ हें नांवही मूळचें नव्हे : फ्रेंचांचें ‘रेनोमे’ नांवाचें जहाज १८११ सालीं पाडाव झालें, त्यास जावाच्या विजयाचें हें नांव मिळालें होतें. ज्या मोहिमेंत पहिलें ‘कॉर्नवालिस’ अकबर होऊन गेलें, त्याच मोहिमेचें नांव धारण करणारें जहाज दुसऱ्या ‘कॉर्नवालिस’चें तांबें घेऊन निघालें होतें. नांवांचा खेळ याहून अधिक काय असावा?

१८१५ च्या एप्रिलांत, अमेरिकेशीं तह होऊन गेल्यावर परंतु त्याची खबर दूरच्या समुद्रांत पोहोंचण्यापूर्वीं, अमेरिकनांच्या ‘पीकॉक’ व ‘हॉर्नेट’ या दोन तारवांस हें जहाज दृष्टीस पडलें. त्यांनीं तें कंपनीचें व्यापारी जहाज समजून त्याचा पाठलाग आरंभिला. जवळ गेल्यावर तें ७४ तोफांचें आहे असें कळून चुकलें आणि शिकारी पळूं लागले. ‘हॉर्नेट’नें तोफा, नांगर, होड्या समुद्रांत टाकून जीव वांचविला. प्रत्यक्ष समुद्रावर, डोळ्यांसमोर असलेल्या जहाजाची ओळख पटविण्यांत दर्यावर्दी चुकतात; मग दोनशें वर्षांनंतर कागदावरील एका शब्दावरून ती पटली असें म्हणणाऱ्यानें किती जपलें पाहिजे, हें सांगणें नको.

या दुसऱ्या जहाजाचें नांव जगाच्या इतिहासांत राहिलें तें १८४२ मुळें. चीनशीं झालेल्या पहिल्या अफूच्या युद्धांत सर विल्यम पार्कर यांचें निशाण या जहाजावर होतें. २९ ऑगस्ट १८४२ रोजीं नानकिंगसमोर याच जहाजावर तहावर सह्या झाल्या. हाँगकाँग गेलें, पांच बंदरें व्यापारास उघडावीं लागलीं, आणि २ कोटी १० लक्ष रुपेरी डॉलर देण्याचें चीनच्या बादशहानें कबूल केलें. इंग्रजांकडून सही करणारे सर हेन्री पॉटिंजर हे मुंबई इलाख्यांतलेच. पेशवाई बुडाल्यावर अहमदनगरास कलेक्टर म्हणून त्यांनीं काम केलें होतें. कप्तान जॉन प्लॅट यांनीं या प्रसंगाचें चित्र काढलें व त्याचें खोदचित्र १८४६ सालीं प्रसिद्ध झालें. तें खोदचित्र ज्या संग्राहकांपाशीं असेल, त्यांनीं त्याच्या मागें लिहावयाचें तें ‘१८१३ चें कॉर्नवालिस’ असें लिहावें. नुसतें ‘मुंबईचें कॉर्नवालिस’ लिहिल्यास अर्धें काम होतें.

१८५५ सालीं या जहाजांत वाफेचें यंत्र व पंखा बसविण्यांत आला. त्याबरोबर तोफा ७४ च्या ६० झाल्या. त्याच वर्षीं रशियाशीं चाललेल्या युद्धांत बाल्टिक समुद्रांतील स्वेबोर्गवरील माऱ्याच्या वेळीं तें हजर होतें. म्हणून ‘तोफांची संख्या जुळत नाहीं, तेव्हां हें जहाज दुसरें असावें’ हा तर्कही सरसकट चालत नाहीं. १८६५ सालीं शीअरनेस येथें त्याचा धक्का करण्यांत आला. १९१६ सालीं त्यास ‘वाइल्डफायर’ हें नांव मिळालें. आणि १९५७ सालीं तें मोडण्यांत आलें. १८१३ पासून १९५७ म्हणजे १४४ वर्षें! मुंबईच्या सागाची आणि जमशेटजींच्या हाताची याहून मोठी प्रशस्ति कोणत्याही सनदेंत नाहीं. परंतु हें आयुष्य ज्यास मोजावयाचें आहे, त्यानें शेवटचीं एक्केचाळीस वर्षें ‘वाइल्डफायर’ या नांवाखालीं शोधलीं पाहिजेत. ‘कॉर्नवालिस’ या नांवाखालीं तीं सांपडणार नाहींत.

( ३ )

तिसरें ‘कॉर्नवालिस’ पोलादी. लंडनच्या टेम्स आयर्नवर्क्स या कारखान्यांत बांधलेलें आणि १९०१ सालीं पाण्यांत उतरलेलें हें जहाज ‘डंकन’ वर्गांतील होय. त्यावर बारा इंची चार तोफा होत्या. १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं दार्दानेल्सवरील मारा सुरू झाला, त्यांतील पहिला गोळा याचा. आणि ९ जानेवारी १९१७ रोजीं माल्टाच्या पूर्वेस जर्मन पाणबुडीनें पाणतीर मारून त्यास बुडविलें. पंधरा माणसें कामास आलीं. लक्षांत घ्यावें कीं, हें पोलादी जहाज दार्दानेल्सला लढत असतां १८१३ चें लांकडी जहाज शीअरनेसला धक्का होऊन उभेंच होतें. मुलाच्या आधीं बाप जातो हा नेम जहाजांच्या वंशाला लागू नाहीं. येथें ‘बाप’ ‘मुला’मागें चाळीस वर्षें जगला, कारण तो बाप नव्हताच.

चौथें जहाज पुन्हां मुंबईशीं जोडलेलें, परंतु उलट अंगानें. १९१७ सालीं ब्रिटनमध्यें ‘लिक्निस’ या नांवाचें एक लहान लढाऊ जहाज तयार झालें. तें १९२१ सालीं रॉयल इंडियन मरीनकडे आलें तेव्हां त्याचें नांव ‘कॉर्नवालिस’ करण्यांत आलें. १९३४ सालीं त्या खात्याचें रॉयल इंडियन नेव्ही झालें, आणि १९४६ सालीं जहाज मोडीस निघालें. म्हणजे पहिलीं दोन मुंबईंत जन्मलीं आणि विलायतेस संपलीं. हें विलायतेस जन्मलें आणि हिंदी आरमाराच्या चाकरींत राहिलें. ‘मुंबईचें कॉर्नवालिस’ या दोन शब्दांत आतां तीन जहाजें मावतात.

( ४ )

इतका वेळ जहाजें वेगळीं केलीं. आतां माणसें वेगळीं करूं. नांव एक असलें तरी तें एकाच पुरुषाचें आहे काय? पहिल्या जहाजापुरतें उत्तर सरळ आहे. ‘मार्क्विस’ या शब्दानेंच तें दिलें आहे. तिसऱ्याचें तसें नाहीं. ‘डंकन’ वर्गांतील सहाही जहाजांस आरमारी सेनापतींचीं नांवें दिलेलीं आहेत. तेव्हां त्यांतील ‘कॉर्नवालिस’ म्हणजे गव्हर्नर जनरल नव्हेत. त्यांचे धाकटे बंधु ॲडमिरल सर विल्यम कॉर्नवालिस होत. नेपोलियनशीं चाललेल्या युद्धांत ब्रेस्ट बंदराचा वेढा चालविणारे ते हेच. आमच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं, १७८९ पासून पुढें कांहीं वर्षें हे विल्यम हिंदुस्थानच्या समुद्रांतील राजाच्या आरमाराचे मुख्य होते, आणि त्याच वेळीं त्यांचे वडील बंधु कलकत्त्यास गव्हर्नर जनरल होते. त्या काळच्या कागदांत ‘कॉर्नवालिस’ हा शब्द आला तर तो थोरला कीं धाकटा, हें मजकुरावरून ठरवावें लागेल. किनाऱ्यावरील जहाजांचा विषय असेल तर धाकट्याचा विचार आधीं करावा.

तिसरा कॉर्नवालिस कॅनडांत आहे. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ सालीं, कॅनडाच्या आरमारानें शिक्षणासाठीं जें ठाणें काढलें, त्यासही ‘कॉर्नवालिस’ नांव होतें. तें नांव हॅलिफॅक्स शहर वसविणाऱ्या एडवर्ड कॉर्नवालिस यांचें. हे वरील दोघां बंधूंचे चुलते. हें ‘जहाज’ जमिनीवरचें होतें. किनाऱ्यावरील ठाण्यासही जहाजाप्रमाणें नांव देऊन दप्तरांत जहाज म्हणून नोंदण्याची इंग्रजी आरमाराची चाल आहे. तेव्हां ‘अमका कॉर्नवालिसवर रुजू झाला’ एवढ्यावरून तो समुद्रावर गेला असेंही म्हणतां येत नाहीं.

‘डंकन’ या वर्गनामाविषयींही एक इशारा द्यावासा वाटतो. मुंबईच्या गोदीचा अभ्यास करणाऱ्यास ‘डंकन’ म्हटलें कीं १८१० सालीं पुरी झालेली डंकन गोदी आठवते. परंतु ती गोदी मुंबईचे गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या नांवाची, आणि जहाजांचा वर्ग ॲडमिरल ॲडम डंकन यांच्या नांवाचा. एका ओळींत ‘डंकन’ आणि ‘कॉर्नवालिस’ हे दोन्ही शब्द आले, तरी त्यांतला एकही मुंबईचा नसूं शकतो.

( ५ )

हा घोटाळा एकट्या वाचकाच्या आळसामुळें होतो असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या साधनांवर तो अवलंबून राहतो त्यांची रचनाही त्यास कारण आहे. ब्रिटिश आरमाराच्या जहाजांचा सर्वांत वापरांतला कोश म्हणजे कॉलेज यांचा, १९६९ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेला. तो नांवांच्या अनुक्रमानें रचलेला आहे. एका नांवाखालीं त्या नांवाचीं सर्व जहाजें ओळीनें येतात. शोधावयास सोय मोठी. कोशाचें काम तो उत्तम करतो. परंतु ओळीनें छापलेलीं नांवें वाचतां वाचतां वाचकाच्या मनांत एक वंशावळ आपोआप तयार होते : हें पहिलें, त्याचें दुसरें, त्याचें तिसरें. वस्तुतः १८१३ च्या जहाजाचें खरें नातें १९०१ च्या जहाजाशीं नसून त्याच धर्तीच्या, त्याच काळच्या ७४ तोफांच्या जहाजांशीं आहे. रिफ विनफील्ड यांचे ग्रंथ दर्जा व वर्ग यांप्रमाणें रचलेले असल्यामुळें तें नातें तेथें दिसतें. सबब नांव कॉलेज यांच्या कोशांत शोधावें आणि ओळख विनफील्ड यांच्या ग्रंथांत पटवावी. मुंबईच्या जहाजांसाठीं रतनजी अर्देशीर वाडिया यांचा मुंबईची गोदी व वाडिया कारागीर यांवरील १९५५ चा ग्रंथ या दोहोंच्या जोडीस पाहिजेच.

दुसरें कारण याहून खोल आहे. ब्रिटिश आरमारांत युद्धसन्मान जहाजाच्या नांवास चिकटतो. त्या नांवाचें पुढचें जहाज मागच्याचे सन्मान वारशानें घेतें. १९५४ सालीं या चालीस रीतसर नियमांचें रूप आलें. आमच्या वाचकांस ही गोष्ट वतनाच्या दाखल्यानें चटकन् समजेल. मूळ पुरुषानें तरवार गाजविली, सनद मिळविली. सातव्या पिढीचा वतनदार ती सनद दाखवितो आणि मान घेतो. वतन म्हणून हें योग्यच आहे. खलाशांच्या मनांत अभिमान उत्पन्न करण्यास याहून चांगला उपाय नाहीं, हें आम्ही मोकळ्या मनानें कबूल करतों. परंतु सातव्या पिढीच्या वतनदारानें ती लढाई मारली असें लिहिणारा बखरकार आम्ही मान्य करीत नाहीं. नांवाला मिळालेला मान आणि जहाजानें केलेलें काम या दोन गोष्टी दोन रकान्यांत लिहिल्या पाहिजेत.

मग जहाजांच्या नांवांचा इतिहास निरुपयोगी आहे काय? आमचें मत तसें नाहीं. तो उपयोगी आहे. फक्त तो जहाजांचा इतिहास नव्हे, नांवें ठेवणारांचा इतिहास आहे. कंपनीनें १८०० सालीं गव्हर्नर जनरलाचें नांव कां निवडलें, आणि आरमारखात्यानें १९०१ सालीं त्याच शब्दानें त्याच्या भावाचें स्मरण कां केलें, यांतून कलकत्त्याचें राज्य आणि लंडनचें आरमार आपापल्या पूर्वजांकडे कसें पाहत होतें हें कळतें. हा विषय चांगला आहे. त्याला लांकडाचा व तोफांचा विषय समजूं नये, एवढेंच आमचें म्हणणें.

( ६ )

येथें एका नाजूक गोष्टीस हात घालणें प्राप्त आहे. मुंबईच्या गोदीचा अभिमान आम्हांसही आहे. परंतु नांवाच्या आधारानें वाढलेला अभिमान कागदापुढें टिकत नाहीं. जमशेटजींनीं १८१० सालीं बांधलेल्या ‘मिंडेन’ या जहाजावर अमेरिकेचें राष्ट्रगीत लिहिलें गेलें, ही गोष्ट मुंबईच्या पुष्कळ वर्णनांत पुन्हां पुन्हां येते. १८१४ च्या सप्टेंबरांत बाल्टिमोरवर मारा होत असतां गीतकर्ते फ्रान्सिस स्कॉट की हे कैदी सोडवावयास गेलेल्या अमेरिकन तारवावर होते. ‘मिंडेन’चा दाखला त्या प्रसंगीं मिळत नाहीं. गोष्ट गोड आहे; अस्सल नाहीं. जमशेटजींच्या कीर्तीला तिची गरजही नाहीं.

याच्या उलट ‘ट्रिंकोमली’ची गोष्ट पाहावी. १८१७ सालीं मुंबईंत उतरलेलें हें जहाज आज हार्टलपूल येथें पाण्यावर उभें आहे. १८९७ सालीं नेल्सनचें जुनें ‘फूद्रोयां’ नांवाचें जहाज वादळांत फुटलें, तेव्हां त्याच्या मालकानें मुंबईचें हें जहाज विकत घेतलें आणि त्यास ‘फूद्रोयां’ हें नांव दिलें. विसाव्या शतकाचा बहुतेक काळ मुंबईचा साग नेल्सनच्या जहाजाचें नांव धारण करून उभा होता. खोट्या गोष्टीनें मुंबईस नसलेलें श्रेय मिळालें. परक्या नांवानें असलेलें श्रेय झांकून गेलें. दोन्हीं ठिकाणीं अपराध एकच : नांवावर विश्वास.

नानकिंगच्या तहाविषयींही एक शब्द लिहितों. तो तह मुंबईच्या जहाजावर झाला, हें सांगतांना आमच्या लेखकांचा स्वर कधीं कधीं उंच लागतो. तहाचा मजकूर काय होता तो वर दिलाच आहे. तो चीनवर तोफांच्या जोरानें लादलेला तह होता, आणि ज्या अफूपायीं युद्ध पेटलें ती हिंदुस्थानांतून जात होती. तेव्हां १८१३ च्या जहाजाची १४४ वर्षें मोजतांना तो दिवसही मोजला पाहिजे. सुताराचें कौशल्य सुताराचें. तहाचें पाप अथवा पुण्य तह करणारांचें. हा निवाडा करतां येतो तो जहाज नेमकें ओळखल्यावरच. नांवाच्या धुक्यांत श्रेयही भलत्याच्या पदरांत पडतें आणि दोषही.

( ७ )

शेवटीं संग्राहकांच्या व्यवहाराची गोष्ट. इंग्रजी जहाजाचा उल्लेख असलेला कागद, नकाशा अथवा चित्र हातीं आल्यास पांच प्रश्न विचारावे. जहाज कोठें व कोणत्या सालीं पाण्यांत उतरलें? कागदाच्या तारखेस तें राजाचें, कंपनीचें कीं व्यापाऱ्याचें होतें? त्या तारखेस त्यावर तोफा किती होत्या? कप्तान कोण होता? आणि त्या जहाजाचें आधींचें व नंतरचें नांव काय? यांतील कप्तानाचा प्रश्न सर्वांत भरंवशाचा आहे. तोफा बदलतात, धनी बदलतो, नांवही बदलतें. परंतु एका तारखेस एका जहाजावर कोण कप्तान होता याची नोंद लंडनच्या आरमारी दप्तरांत, म्हणजे क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारांत, रोजनिश्यांच्या रूपानें मोठ्या प्रमाणावर शिल्लक आहे.

ही परीक्षा ‘कॉर्नवालिस’पुरतीच नाहीं. १७५६ च्या फेब्रुवारींत विजयदुर्गावर तुळाजी आंगऱ्यांविरुद्ध ॲडमिरल वॉटसन आले, त्यांचें निशाण ‘केंट’ या जहाजावर होतें. १८०० सालीं फ्रेंच दर्यावर्दी सुरकूफ यानें बंगालच्या उपसागरांत पकडलें तें ‘केंट’ कंपनीचें, १८२५ सालीं बिस्केच्या उपसागरांत आग लागून गेलें तें ‘केंट’ही कंपनीचें, पण निराळें, आणि ८ डिसेंबर १९१४ रोजीं फॉकलंड बेटांपाशीं जर्मनांचें ‘न्यूर्नबर्ग’ बुडविणारें ‘केंट’ राजाचें. मराठ्यांच्या आरमाराचा इतिहास लिहिणारास यांपैकीं एकच ‘केंट’ हवें आहे. बाकीचीं तीन त्याच्या टिपणांत शिरतील तर नामसाम्याच्या दारानेंच शिरतील.

तात्पर्य, बाजीरावास जसें ‘बल्लाळ’ किंवा ‘रघुनाथ’, तसें जहाजास त्याच्या जलावतरणाचें स्थळ व साल. तेंच त्याचें पितृनाम. आपल्या रुमालांवरील चिठ्ठ्यांत जेथें जेथें नुसतें ‘कॉर्नवालिस’ लिहिलें असेल, तेथें तेथें कागद पुन्हां पाहून ‘कॉर्नवालिस, मुंबई, १८०१’, ‘कॉर्नवालिस, मुंबई, १८१३’ किंवा ‘कॉर्नवालिस, लंडन, १९०१’ असें लिहावें. आणि जेथें ‘अकबर’ किंवा ‘वाइल्डफायर’ असेल, तेथें त्याच्या मागचें नांवही नोंदावें. चार अक्षरें व चार आंकडे, एवढाच खर्च आहे. तेवढ्यानें जमशेटजींचीं दोन जहाजें दोन राहतील आणि कोणाचेंही चरित्र दुसऱ्याच्या खातीं जमा होणार नाहीं.